जिवंत जोडप्याला घातलेला हार

सोलापूरला जाऊन आलो असे सांगितले की आमच्या पेठेतले लोक पहिल्याने चादरीची चौकशी करतात. मी चादर आणली नाही, हे ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर जो अविश्वास उमटतो, त्याला उत्तर म्हणून हे लिहीत आहे. ज्यांनी ते शहर पाहिलेले नाही त्यांना यातून फारशी माहिती मिळेल असा माझा दावा नाही. मी जेमतेम एक गल्ली, एक माजघर आणि एक ज्वारीचे शेत पाहिले. परंतु तेवढ्या अवधीत मी एका सज्जन गृहस्थाला जिवंतपणी मारले, आणि वर त्यांच्याच हातचा चहा प्यालो. त्याबद्दलचा संकोच अद्याप गेलेला नाही.

चादर न आणण्याचे कारण आमची अक्का. ही माझी थोरली बहीण. भाऊजी गेल्यापासून ती माझ्याकडे असते. भाऊजी चित्रकार होते. मुंबईच्या कलाशाळेत असताना त्यांनी परदेशी चित्रांची छापील पुस्तके पाहिली आणि तेव्हापासून माणूस माणसासारखा काढणे सोडून दिले. लग्न झाले त्या वर्षी ते सोलापूरच्या एका शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. पहिला दिवाळसण आला. आमच्या घरी पाट मांडला, उटणे कालवले, जावयासाठी चांदीचे ताट घासून ठेवले. आणि जावई आले नाहीत. ‘एका दांपत्याचे चित्र अपुरे आहे’ एवढाच निरोप आला. भाऊजी उगवले ते तुळशीचे लग्न उरकल्यावर. पुढे साऱ्या संसारात त्यांनी याचा खुलासा केला नाही आणि अक्काने मागितला नाही. तिने फक्त सोलापूरशी संबंध तोडला. त्या गावात पाऊल ठेवायचे नाही आणि तिथली चादर घरात आणायची नाही, या व्रताला पस्तीसेक वर्षे झाली.

गेल्या पौषात डॉक्टरांनी तिच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरवली. अक्काला शस्त्रक्रियेचे भय आहे. एके दिवशी तांदूळ निवडता निवडता, म्हणजे खडे ठेवून तांदूळ टाकता टाकता, ती म्हणाली, “डोळे जायचे असतील तर जाऊ देत. पण त्याआधी ते चित्र मला एकदा बघायचंय. कशापायी माझी दिवाळी गेली ते कळू दे. तू जा आणि घेऊन ये. मी तिथे येणार नाही.”

मी गेलो.

सोमवार, बळीवेस

प्रवासाविषयी सांगण्यासारखे एवढेच की तो झाला. कुर्डुवाडी मागे पडल्यावर जमीन काळी आणि सपाट होते, आणि क्षितिज इतके दूर जाते की डोंगरांच्या सवयीच्या माणसाला आपण उघडे पडल्यासारखे वाटते. शहरात स्टेशनपासून बळीवेशीपर्यंत मला मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी अशा चार भाषांत बाजूला सरकायला सांगण्यात आले. प्रत्येक वेळी मी मराठीत क्षमा मागितली.

अक्काने नाव-पत्ता सांगितला होता. चित्रातले गृहस्थ वीरभद्रप्पा यांचे भुसार मालाचे दुकान वेशीजवळच्या गल्लीत आहे. वर माळवदाचे, म्हणजे सपाट मातीच्या छताचे घर. कपाळावर भस्माचे तीन ठसठशीत पट्टे, अंगात बंडी, वय माझ्याएवढेच. सारी गल्ली त्यांना अण्णा म्हणते. मी ओळख सांगितली तसे ते गादीवरून उठले.

“मास्तरांचे मेहुणे? अय्यो, मग उभे का? बसा की, पाव्हणं!” असे म्हणून त्यांनी मला तुरीच्या पोत्यावर बसवले. “आमच्या वरच्या खोलीतच ऱ्हायचे मास्तर. लई भला माणूस.”

मी येण्याचे कारण हळूहळू सांगितले. माझे बोलणे मुळात हळू आहे. त्यांना ते तीनदा ऐकावे लागले.

“चित्र न्या की, मला काय!” ते म्हणाले. “पण आधी घरात इचारायला पायजे. ते चित्र तिचं हाय.”

“दोघांचे आहे ना?”

“मी त्यात हाय. तेवढंच.”

त्यांच्या पत्नी नागव्वा कुणाच्या तरी बारशाला गेल्या होत्या, म्हणून भेट दुसऱ्या दिवसावर गेली. अण्णांनी मला जेवल्याशिवाय सोडले नाही. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही. आमच्याकडे पाहुण्याला ‘घेता का थोडी?’ असे विचारतात आणि त्याच्या नकाराची सोय करून ठेवतात. इथे चटणीचा डोंगर प्रथम पानात पडतो आणि चौकशी नंतर होते. भाकरीचा पहिला तुकडा मोडताना जो आवाज झाला, त्याने मीच दचकलो.

मंगळवार, माजघर

सकाळी निघताना मी फुलबाजारातून शेवंतीचा एक मोठा हार घेतला. या कृत्याचे मी पुढे पुष्कळ परीक्षण केले आहे. पुण्यात कोणतेही काम कुणाच्या तरी तसबिरीला हार घातल्याशिवाय सुरू होत नाही. भाऊजींची तसबीर तिथे असणार नाही, हे मला ठाऊक होते. तेव्हा त्यांच्या कलाकृतीलाच हार अर्पण करावा, असा माझा हेतू होता. हेतू शुद्ध होता. शुद्ध हेतूने काय काय घडते याचा मला अनुभव नव्हता.

अण्णांनी मला माडीवर माजघरात नेले. नागव्वा सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेल्या होत्या. “येईलच. तवर मी कोपऱ्यावरनं च्या आणतो,” म्हणून अण्णा किटली घेऊन उतरले, आणि मी चित्रासमोर एकटा राहिलो.

त्या चित्रात तेच माजघर होते. पण भिंती आत झुकलेल्या, जमीन समोरून चढत आलेली, कोनाडा वाकडा, आणि खाट अशी तिरपी की आता सारे आपल्या पायांवर घरंगळणार असे वाटावे. खाटेवर एक तरुणी ताठ बसलेली. तिचा चेहरा कोवळ्या पालेभाजीसारखा हिरवा, डोळे कोळशाचे, मांडीवरचे हात सुपाएवढे. शेजारी तांबड्या मानेचा तरुण. तो चौकटीकडे इतका कलला होता की त्याचा अर्धा खांदा चित्राबाहेर गेला होता. मधोमध खिडकीचा पिवळाधमक उजेड. मला ते सुंदर वाटले की भयंकर, हे प्रामाणिकपणे सांगता येत नाही. मनातल्या मनात मी ‘दांपत्यजीवनातील एकाकीपणा’ अशी एक चांगलीशी व्याख्या तयार केली, स्टुलावर चढलो, चौकटीला हार घातला, खाली उतरलो, आणि हात जोडून डोळे मिटून उभा राहिलो.

त्याच क्षणी नागव्वा दारात आल्या. बरोबर शेजारच्या काशम्मा होत्या.

“अय्यो शिवने!” म्हणून नागव्वा उंबऱ्यावरच खाली बसल्या. हयात माणसांच्या चित्राला हार घातलेला त्यांनी आजवर पाहिला नव्हता. मीही पाहिला नव्हता. पण हे मला त्यांचा चेहरा पाहिल्यावर आठवले. काशम्मांनी मात्र चित्राचा हार, हात जोडलेला परका मनुष्य आणि उंबऱ्यावर बसलेली मैत्रीण, एवढे पाहून हिशेब केला: नागव्वा तर समोर आहेत, म्हणजे अण्णा गेले, आणि हा पाव्हणा बातमी घेऊन आला. त्यांनी असा हंबरडा फोडला की खालच्या गल्लीतली कबुतरे उडाली.

मी म्हणत होतो, “ते हयात आहेत. ते चहा आणायला गेले आहेत.” पुन्हा पुन्हा म्हणत होतो. पण ज्याने आयुष्यात कधी आवाज चढवला नाही, त्याला तो ऐन वेळी सापडत नाही. काशम्मा माडीवरून खाली, खालून गल्लीत गेल्या. दुकानांच्या फळ्या धडाधड लागू लागल्या. माणसे डोईवरची टोपी काढून जिन्याशी उभी राहिली.

अण्णा किटली घेऊन परतले ते या गर्दीच्या मागच्या टोकाला. पुढचा प्रसंग मला त्यांनीच नंतर, फार आवडीने, अनेकदा सांगितला.

“कोण गेलं हो?” त्यांनी पुढच्या माणसाला विचारले.

“वीरभद्रप्पा अण्णा,” तो मागे न बघता म्हणाला.

“कुठला वीरभद्रप्पा?”

“आपला की. भुसारवाला.”

“आं? सकाळी तर बरा होता!”

“तेच तर. माणसाचं काय खरं हाय?” असे म्हणून तो वळला, आणि तिथेच मटकन खाली बसला.

लोकांना आनंद झाला, हे मला नमूद केले पाहिजे. पण उघडलेली दुकाने बंद करून आल्यामुळे त्या आनंदात थोडा हिरमोडही होता. अण्णांनी माझ्या हातात चहाचा कप दिला आणि खिडकीतून गल्ली न्याहाळली.

“पार चाटी गल्लीतल्या कापडवाल्यांनी बी दुकानं बंद केली की! बघा, माणसं जोडलीयत आपण.” मग त्यांची नजर थांबली. “समोरच्या रेवप्पाचं उघडंच? त्याच्या बापाच्या येळी मी दोन दिवस फळी काढली न्हवती. बरं झालं, जिवंतपणी कळलं.”

नागव्वांना मात्र यात गंमत दिसली नाही. त्या ठेंगण्या, इरकल नेसलेल्या, अतिशय तरतरीत बाई आहेत. त्यांनी हार काढून दूर ठेवला, कुंकू पुन्हा नीट लावले आणि मग मला समोर उभे केले.

“कशाला आलाय तुमी?”

मी अक्काची सारी हकिगत सांगितली. दिवाळसणाचे नाव निघताच त्यांनी चित्राकडे वळून पाहिले. मग म्हणाल्या, “चित्र ह्या उंबऱ्याभाईर जायचं न्हाई. सकाळी हार घातला, आता दोघांनी उचलून भाईर काढलं, तर काशम्मा पुन्यांदा सुरू करंल. आमची मयतच की ती! तुमच्या अक्कांनाच हिकडं आणा. माझं काम हाय त्यांच्याशी.”

“ती येणार नाही. तिने व्रत घेतले आहे.”

“मग मी काय करू?” असे म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या.

बुधवार, पंगत

मला रात्रभर खंत लागली होती. शांती करावी लागेल, काही विधी सांगतील, तो मी करीन, असे म्हणून मी सकाळी अण्णांबरोबर त्यांच्या मठातल्या स्वामींकडे गेलो. स्वामी भस्माच्या गोळीवरून बोट फिरवीत ऐकत होते. ऐकून झाल्यावर ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावे लागले.

“आमच्यात मेलेल्याचं सुतक न्हाई,” ते म्हणाले, “न मेलेल्याचं कुठनं आणू? पण लोकांचा धंदा मोडला. त्यांना हुग्गी करून घाला. आणि हे पुण्याचे पाव्हणे हायत न्हवं, ते वाढतील.”

परतताना मी तार ऑफिसात जाऊन अक्काला तार केली: चित्र येऊ शकत नाही, आपण यावे. ती येणार नाही, याची मला खात्री होती. तरी कर्तव्य म्हणून केली.

हुग्गी म्हणजे खपली गव्हाची दाट खीर; तिच्यावर तुपाची धार. माळवदावर पंगत बसली. मी धोतर खोचून वाकलो आणि पहिल्याच पानाशी विचारले, “वाढू का?”

“इचारायचं न्हाई!” नागव्वा मागून ओरडल्या. “वाढायचं. नको म्हणला की आजून वाढायचं. हात आडवा घातला तर हातावर वाढायचं.”

मी तसे केले. एका गृहस्थाच्या मनगटावर तूप सांडले. त्यांनी ते चाटून माझी पाठ थोपटली. अण्णा उत्सवमूर्तीसारखे मधोमध बसले होते. “मयताचं जेवण असं गोड पायजे,” कुणी म्हणाले. “अण्णा, दरसाल मरत जावा!” समोरचे रेवप्पाही आले होते आणि खाली मान घालून तिसऱ्यांदा हुग्गी घेत होते. त्यांना मात्र अण्णांनी स्वतः वाढले.

पंगत उठल्यावर मी नागव्वांना माझी ती एकाकीपणाची व्याख्या ऐकवली. अण्णांचे चौकटीबाहेर कलणे हे पुरुषाच्या मनाचे परागंदा होणे आहे, असे काहीसे मी म्हणालो.

“खाली गिऱ्हाईक आलं हुतं,” त्या म्हणाल्या. “हे डोकावून बघत हुते, गेलं का ऱ्हायलं.”

मी व्याख्या मागे घेतली.

गुरुवार, मंगळवेढ्याकडे

तारेला उत्तर नव्हते. माझे उदास तोंड पाहून अण्णांनी मला एसटीत घातले आणि मंगळवेढ्याकडच्या आपल्या शेतावर हुरडा खायला नेले. दुष्काळाची ती वाईट वर्षे सरून रान पुन्हा भरले होते. डोक्याएवढी ज्वारी, खाली ढेकळांची काळीभोर भेग, आणि पहाटेच्या थंडीचा वास अजून धाटांत. वाटेकरी सिद्राम गोवऱ्यांच्या आरावर कणसे भाजत होता. अण्णांना पाहून तो उठला नाही; फक्त जरा सरकला.

“मालक, तुमी गेल्याचं आयकलं.”

“व्हय.”

“मग कवा आलाय?”

“परवाच,” अण्णा म्हणाले आणि हुरडा चोळू लागले. कोवळे, ऊन दाणे, वर शेंगाचटणी. आमच्याकडे अंत्यविधीहून परतलेल्या माणसाचेही यापेक्षा जास्त कौतुक होते, असे माझ्या मनात आले. पण तोंड भरलेले असल्यामुळे ते मनातच राहिले.

दुपार उलटता आम्ही परतलो, तो दुकानात तुरीच्या पोत्यावर अक्का बसलेली. मांडीवर पिशवी, डोळ्यांवर काळा चष्मा. मी पुढे झालो तसा तिने हात लांब करून माझा चेहरा चाचपला आणि मग त्याच हाताने माझ्या दंडावर एक फटका मारला.

“तार करतोस? मी मेले वाटेत!”

“अगं, तारेत लिहिले होते...”

“तार वाचायची असते का? तार आली की निघायचं असतं! मला अक्षर दिसत नाही, आणि शेजाऱ्यांकडून वाचून घ्यायचा मला धीर नव्हता. पहिल्या गाडीत बसले. इथे येऊन बघते तर तू हुरडा खायला गेलेला.”

त्या आठवड्यात हयात माणसाला मारण्याची ही माझी दुसरी वेळ. या खेपेस तो माणूस मीच होतो. पस्तीस वर्षांचे व्रत तिने माझ्यासाठी एका क्षणात मोडले, याने मला भरून आले, आणि ते बोलून दाखवण्याइतका मी अविचारी ठरलो.

“व्रताचं नाव काढू नकोस,” अक्का कडाडली. “गावात आले ते तुझ्यासाठी. आता वर जाऊन ते चित्र काही मी बघणार नाही. चल, परतीची गाडी बघ.”

मी अण्णांकडे पाहिले, अण्णांनी छताकडे पाहिले. इतका वेळ जिन्यात उभ्या असलेल्या नागव्वा खाली आल्या आणि अक्काच्या शेजारी दुसऱ्या पोत्यावर बसल्या.

“नका बघू, अक्का. पण माझं एक काम करा. हे चित्र केल्यापासनं लोक मला हसत्यात. सासू म्हणली, हिला काय देवी आल्यात? पोरं भिऊन पळायची. मी खरंच अशी दिसते का, एवढं सांगा. तुमी मास्तरांच्या घरातल्या. तुमी सांगाल ते मी धरंन.”

निवाडा मागितला की अक्काला नाही म्हणता येत नाही. तिने क्षणभर विचार केला आणि नागव्वांचा हात धरून ती जिना चढली. आम्ही दोघे मागोमाग गेलो.

खिडकीतून तिरपे ऊन आले होते. अक्काने नागव्वांना चित्राच्या कडेला उभे केले, स्वतः दोन पावले मागे आली आणि चष्मा काढून एकदा चित्राकडे, एकदा नागव्वांकडे, असे कितीतरी वेळ पाहिले.

“हुबेहूब आहे,” ती म्हणाली.

“आं?”

“अगदी हुबेहूब. लोक उगाच नावं ठेवतात.”

“आणि हिरवं तोंड?” अण्णांनी न राहवून विचारले.

“असेल. मला हल्ली सगळ्यांचीच तोंडं तशी दिसतात. पण यात या आहेत. बसल्याबसल्या कुणावर तरी लक्ष ठेवून आहेत. बरोबर?”

नागव्वांनी पदर तोंडाला लावला. इतक्या वर्षांत त्या चित्राची पहिली वाखाणणी झाली होती, आणि ती मोतीबिंदूने केली होती. तरी मला तिच्यात काही चूक काढता येईना.

मग अक्काने ज्यासाठी मला धाडले होते तो प्रश्न विचारला. “यांच्यात असं काय होतं, की एक दिवस हे चित्र सोडून त्यांना दिवाळसणाला येता आलं नाही?”

“तेच सांगायचं हुतं मला,” नागव्वा म्हणाल्या. “पुरुषमाणसाला कुठं सांगत बसू? अक्का, मी नवी सून. आमची अत्ती, म्हणजे सासू, लई कडक. दिवसा नवऱ्याम्होरं उभं ऱ्हायचं न्हाई, बोलायचं न्हाई. लग्नाला वरीस झालं, मी यांचं तोंड उजेडात धड बघितलं न्हवतं. मास्तरांनी ते ओळखलं. अत्तीला म्हणले, मोठ्यांच्या घरात जोडप्याचं चित्र असतंय, काढू का? अत्ती फुगली, काढा म्हणली. दुपारभर आमी दोघं ह्या खाटंवर बसायचो. मास्तर पाठ फिरवून रंग कालवायचे. एक रंग कालवायला किती येळ लागतो, अक्का? त्यांना लई लागायचा. आमी बोलून घ्यायचो. सांज झाली की सगळं चित्र सुरीनं खरवडून टाकायचे. अत्ती इचारायची, झालं का? म्हणायचे, नाक जमलं न्हाई. दुसऱ्या दिवशी, हात जमला न्हाई. दिवाळी आली. अत्ती म्हणली, मास्तर, तुमचा दिवाळसण हाय की, जावा आता. तर म्हणले, कसा जाऊ? यांचे पाय ऱ्हायल्यात.”

अण्णा खिडकीपाशी जाऊन गल्लीत फार लक्षपूर्वक पाहू लागले. त्यांची मान, वय विसरून, चित्रातल्याइतकी तांबडी झाली होती.

अक्का चित्राच्या अगदी जवळ गेली. नाक रंगाला टेकेल इतकी. खाटेवरून तिची नजर खाली आली, आणि खालच्या चौकटीवर या कडेपासून त्या कडेपर्यंत हळूहळू फिरली. मीही पाहिले. तिथे जमीन होती, तिच्यावर पिवळा उजेड होता, आणि पाय कुठेच नव्हते. दोघांचेही.

“म्हणजे पाय काढलेच नाहीत?” अक्काने विचारले.

“न्हाई. तुळशीच्या लग्नाला अत्ती म्हणली, पुरे झालं. मग पेटी बांधली मास्तरांनी.”

अक्का चित्रापासून मागे सरली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवावा की काय, अशा विचारात होतो. पण तिने पदराने चष्मा पुसला, तो डोळ्यांवर चढवला आणि खाटेवर बसत जरा चिडूनच म्हणाली:

“दोन माणसांचे चार पाय. आणखी आठ दिवस तरी सहज लागले असते. एवढी घाई कशाला केली त्यांनी?”